स्वस्त डिस्क आणि बापूंची उधारी

‘कितलाले?’ एसएसडी मागायला आलेला माणूस आधी हेच विचारतो. आमचं नरडाणा हे हायवेवरचं, रेल्वे स्टेशनचं आणि आता एमआयडीसीचं गाव. पूर्वी माल धुळ्याहून यायचा, आता कुरिअरवाला थेट गिऱ्हाइकाच्या ओट्यावर आणून देतो. त्यामुळे मी भाव सांगेपर्यंत समोरच्याने मोबाइलवर दुसरा भाव काढलेला असतो. ‘भाऊ, यामा त डबल जीबी शे!’

भाव करण्यात वावगं काही नाही, आणि स्वस्त डिस्कशी माझं वैरही नाही. आठ-दहा वर्षं जुना लॅपटॉप हार्डडिस्कवर पाच-पाच मिनिटं गोल फिरवत बसतो. त्यात साधी साटा एसएसडी टाकली की तेच मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं. जुनी हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभर एमबी वाचते, साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. शिवाय बारीकसारीक फायली शोधण्यात हार्डडिस्कची सुई इकडून तिकडे धावत असते, ते धावणंच संपतं. शिंदखेड्याच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरीला परीक्षेचे फॉर्म भरायचे आहेत, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये आहे, फोटो मोबाइलमध्ये आहेत. तिला मी बिनधास्त सांगतो, ओळखीच्या कंपनीची सगळ्यात स्वस्त घे. उद्या ती गेलीच, तर विंडोज पुन्हा टाकण्यापलीकडे तिचं नुकसान नाही.

गोष्ट बिघडते ती पुढच्या दोन प्रकारांत. दोन्ही माझ्या टेबलावर घडले, म्हणून सांगतो.

पहिला प्रकार एका लग्नाच्या शूटिंगवाल्या पोराचा. त्याने ऑनलाइन पोर्टेबल एसएसडी मागवली होती. वर ‘२ टीबी’ छापलेलं, धातूची चकचकीत पेटी, किंमत दीड हजाराच्या आत. कॉम्प्युटरला लावली की विंडोजही २ टीबीच दाखवायचं. ऐन लग्नसराईत त्याने हळदीचं, मग लग्नाचं शूटिंग त्यात टाकलं आणि मेमरी कार्डं फॉरमॅट मारून दुसऱ्या सुपारीला निघून गेला. मिक्सिंगला बसला तेव्हा फायलींची नावं सगळी जागेवर, साइजही बरोबर, पण हळदीचा एकही व्हिडिओ उघडेना.

मी पेटी उघडली. आत एसएसडी नव्हतीच. एक लहानशी पट्टी, तिच्यावर मोबाइलमध्ये घालतात तसलं मेमरी कार्ड, आणि पेटी हाताला जड लागावी म्हणून चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. कार्ड होतं ६४ जीबीचं. त्याच्या आतला प्रोग्राम मात्र कॉम्प्युटरला ‘मी २ टीबी’ असं खोटं सांगत होता. ६४ जीबी भरले की असली डिस्क थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागते आणि आधीचं पुसून टाकते. फायलींची यादी तशीच राहते, आतला मजकूर गेलेला असतो. हळदीवर लग्न लिहिलं गेलं होतं. एकदा वर दुसरं लिहिलं गेलं की ते परत आणणारं सॉफ्टवेअर जगात नाही.

यावरचा उपाय फुकट आहे. सोनगीरच्या बाजारात पितळी हंडा घेताना आपण काट्यावर ठेवल्याशिवाय पैसे देत नाही, तसंच हे. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं एक जुनं, छोटं सॉफ्टवेअर आहे. ते डिस्क काठोकाठ भरतं आणि मग लिहिलेलं सगळं परत वाचून ताडून पाहतं. मोठ्या डिस्कला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपायचं. पार्सल परत करायची मुदत असते तेवढ्यात, आणि खरा डेटा टाकायच्या आधी ही परीक्षा घ्यायची. नुसतं ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकडा पाहणं म्हणजे चोरालाच त्याचं नाव विचारणं.

हा झाला उघड खोटा माल, सापडला की सापडला. मला जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या प्रकाराची.

बापूंचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. त्यांच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क खरखरायला लागली तेव्हा एसएसडी टाकायची ठरली. मी दोन भाव सांगितले. एक नावाजलेल्या कंपनीची २४० जीबी, दुसरी कधी न ऐकलेल्या नावाची २५६ जीबी. दोघींत सातशे-आठशे रुपयांचा फरक. बापूंनी दुसरी घेतली. ती खोटी नव्हती, मी तपासली होती, २५६ म्हणजे २५६ भरली. मशीन पळायला लागलं, बापू खूश.

मृगाच्या तोंडावर, कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांसाठी दुकानात रेटारेटी चालू असताना, मशीन बंद पडलं. परत चालू केलं तर डिस्क दिसेच ना, बायोसमध्येसुद्धा तिचं नाव नाही. हार्डडिस्क मरते ती बहुतेक वेळा आवाज करत, अडखळत, दोन-चार दिवस देऊन. एसएसडीच्या बाबतीत असा निरोप येईलच असं नाही. तिच्यातला कंट्रोलर नावाचा चिप गेला की मेमरीचे चिप धड असूनही काही उपयोग नसतो. कुठला तुकडा कुठल्या चिपवर ठेवलाय याचा हिशेब त्या कंट्रोलरकडेच असतो.

आणि त्या डिस्कवर टॅली होतं. टॅलीत उधारी. ज्यांना कृषी केंद्राचा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: जूनमध्ये माल जातो आणि कापूस विकला की, दिवाळीच्या पुढे-मागे, पैसे येतात. मधले महिने दुकानदाराचं सगळं भांडवल लोकांच्या शेतात उभं असतं, आणि कोणाकडे किती हे त्या डिस्कवर. मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरीवाल्याने फोनवर जो आकडा सांगितला, त्यात तसल्या पंधरा-वीस डिस्क आल्या असत्या, आणि वर ‘गॅरंटी नाही’. कंपनीने वॉरंटीत नवी डिस्क दिली, कुरकुर न करता दिली. कोरी करकरीत. वॉरंटी डिस्कची असते, उधारीची नसते.

शेवटी बिलबुकांच्या कार्बन प्रती, बापूंची आठवण आणि गिऱ्हाइकांचा खरेपणा यांवर उधारी पुन्हा मांडली. (खरेपणाबद्दल एक सांगायलाच हवं. अनेकांनी स्वतः येऊन आपला आकडा सांगितला, काहींनी बापूंच्या अंदाजापेक्षा जास्त.) तरी सगळी जुळली नाही ती नाहीच.

यानंतर बापू दुसऱ्या टोकाला गेले. ‘आता सगळ्यात महाग टाक,’ म्हणाले. मला तेही पटलं नाही.

डिस्कच्या माहितीपत्रकात ‘टीबीडब्ल्यू’ हा आकडा असतो, म्हणजे एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी कंपनी घेते. क्रुशियलच्या बीएक्स-५०० या स्वस्त मालिकेत २४० जीबीला ८० टीबीडब्ल्यू दिलेत. सॅमसंगच्या ८७० इव्होमध्ये १ टीबीला ६००. आकडे पाहून माणूस ६०० कडे ओढला जातो. पण बापूंच्या मशीनवर विंडोज धरून दिवसाला १० जीबी लिहिलं जातं असं अगदी सढळ हाताने धरलं, तरी वर्षाला साडेतीन टीबीच्या आसपास होतं. ८० संपायला वीस वर्षांवर लागतील. तेवढ्यात कॉम्प्युटर भंगारात गेलेला असेल. साध्या दुकानातली एसएसडी लिहून लिहून झिजत नाही. ती जाते कंट्रोलरमुळे, आतल्या प्रोग्राममधल्या खोटीमुळे, नाहीतर विजेमुळे. आपल्याकडे डीपीवर लोड आला की व्होल्टेज नाचतं आणि लिहिता लिहिता वीज जाते. मोठ्या सर्व्हरच्या एसएसडींना अशा वेळी हातातलं लिखाण पुरं करण्यापुरते कपॅसिटर बसवलेले असतात. घरगुती डिस्कला ते सहसा नसतात, महाग असली तरी.

आणि महाग म्हणजे मरतच नाही असंही नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एचपीई या कंपनीने आपल्या काही सर्व्हर एसएसडींबद्दल इशारा काढला होता: आतला प्रोग्राम सुधारून घेतला नाही, तर डिस्क चालू राहण्याचे ३२,७६८ तास, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास भरताच ती बंद पडेल आणि डेटा परत मिळणार नाही. सर्व्हरमधल्या डिस्क एकाच दिवशी चालू केलेल्या असतात, म्हणजे जायच्याही एकदमच. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही पोर्टेबल एसएसडी अचानक डेटा गमावू लागल्या, कंपनीला सुधारित फर्मवेअर द्यावं लागलं आणि अमेरिकेत दावेही दाखल झाले. व्यावसायिक फोटोग्राफर विश्वासाने घेत ती ही मालिका.

मग जास्त पैशाचं मिळतं काय? मिळतं, पण काय ते बघून द्यावं. एका कप्प्यात तीन बिट ठेवणाऱ्या मेमरीला टीएलसी म्हणतात, चार ठेवणारीला क्यूएलसी. चार बिट ठेवायचे तर एकाच कप्प्यात विजेच्या सोळा पातळ्या ओळखाव्या लागतात, म्हणून ती स्वस्त पडली तरी हळू लिहिते आणि लवकर झिजते. स्वस्त डिस्क हे झाकायला थोडी जागा वेगाने लिहिण्यासाठी राखून ठेवतात. ती भरली की खरा वेग उघडा पडतो. सॅमसंगच्याच ८७० क्यूव्होच्या १ टीबी डिस्कमध्ये ही राखीव जागा जास्तीत जास्त ४२ जीबी, आणि त्यापुढे वेग सेकंदाला ८० एमबी, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्याही खाली. बापूंना याचा फरक कधीच कळणार नाही, एका लग्नाचं दीडशे जीबी ओतणाऱ्या शूटिंगवाल्याला पहिल्याच दिवशी कळेल.

ओळखीच्या नावाचा दुसरा फायदा असा की आत काय आहे याचा थोडाफार भरवसा असतो. थोडाफारच. किंग्स्टनने व्ही-३०० मध्ये, क्रुशियलने पी-२ मध्ये बाजारात आल्यानंतर नाव तेच ठेवून आतली मेमरी हलकी केल्याचं उघड झालं होतं. पण ते उघड झालं, कारण त्या नावांवर लोकांची नजर असते. ज्या नावाला कोणी तपासत नाही, तिथे महिन्यामहिन्याला काय बदलतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

बापूंना मी मधल्या भावाची, टीएलसीची, पाच वर्षं वॉरंटीची एसएसडी टाकून दिली आणि उरलेल्या पैशात एक साधी हार्डडिस्क जोडली. दुकान बंद करताना टॅलीचा बॅकअप तिच्यावर जातो. दर शनिवारी पेनड्राइव्हवर घेऊन ते घरी नेतात. दुकानाला आग लागली किंवा मशीन चोरीला गेलं तर आतली हार्डडिस्कही जाणारच, म्हणून. आणि यूपीएस. हे सगळं मिळून सगळ्यात महाग एसएसडीच्या आसपासच गेलं. पेनड्राइव्हवरून डेटा परत चढवून उघडतो की नाही, हे मी त्यांच्यासमोर एकदा करून दाखवलं. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

शूटिंगवाल्याचं गणित वेगळं. त्याला मी सांगितलं, दोन ठिकाणी कॉपी होऊन, दोन्हीकडून चार फायली चालवून बघेपर्यंत कार्ड फॉरमॅट मारायचं नाही. त्यासाठी दोन कार्डं जास्तीची घ्यावी लागली तरी घे. एडिटिंगला एसएसडी वापर, पण जुनी लग्नं हार्डडिस्कवर ठेव. एका टीबीला ती स्वस्त पडते, शिवाय आपल्या उन्हाचाही प्रश्न आहे. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने लिहिण्याची क्षमता पुरती संपल्यावर, वीज न देता, ३० अंशांत एक वर्ष डेटा धरला पाहिजे. नवी डिस्क याहून पुष्कळ जास्त काळ धरते. पण उष्णता वाढली की ही मुदत झपाट्याने घटते, आणि खान्देशात मे महिन्यात पत्र्याखालच्या कपाटात किती होत असेल ते सांगायला नको. वापरून झिजलेली एसएसडी डेटा भरून कपाटात टाकू नये. टाकलीच असेल तर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून लावावी, फायली उघडून बघाव्यात.

वापरलेली डिस्क घ्यायची वेळ आली तर क्रिस्टलडिस्कइन्फो लावून किती तास चालली आणि किती लिहिली ते बघा. मात्र हे आकडे शून्यावर आणून विकणारेही आहेत. सर्व्हरमधून काढलेली डिस्क ‘नवी’ म्हणून मिळत असेल तर मी घेत नाही.

सध्या मेमरीचे भाव चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून एसएसडी महागल्या, आणि क्रुशियल हे नाव घराघरांत पोहोचवणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये त्या किरकोळ धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत अनोळखी नावं जास्त बोकाळतात. पैसे कमी असतील तर कंपनी बदलण्यापेक्षा साइज कमी करा. १ टीबीची गरज खरंच किती जणांना असते?

दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, पण पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून मागा. तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी दिसते का ते त्याच दिवशी बघा. ऑनलाइन घेताना प्लॅटफॉर्मच्या नावावर जाऊ नका, विक्रेता कोण ते वाचा. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं २०२० च्या नियमांनी बंधनकारक आहे. फसवणूक झाली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तिथे मिटलं नाही, तर २०१९ च्या ग्राहक कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्याला धुळ्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. शूटिंगवाल्याला पैसे परत मिळाले ते याच हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर. नवरीच्या वडिलांनी त्याला दिलेला अॅडव्हान्स मात्र त्याला परत करावा लागला.