कॅडचा आणखी एक कोर्स लावण्याआधी

मंचर, नारायणगाव, ओतूरकडचे पालक बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात. पोराचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला, आता पुण्यात कॅडचा कोणता कोर्स लावायचा? मी म्हणतो, फी भरण्याआधी त्याला एवढंच विचारा, ‘तू काढलेलं मॉडेल सिम्युलेशनला द्यायचं झालं तर कोणत्या फॉरमॅटमध्ये देशील, आणि तोच का?’ चांगले मार्क असलेली मुलंही इथे अडखळतात.

कॅडमध्ये भागाचा आकार तयार होतो. तो भाग भार पेलेल का, किती वाकेल, हे ॲन्सिस किंवा ॲबॅकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तपासतात, तेच सिम्युलेशन. एकाची फाइल दुसऱ्याला जशीच्या तशी वाचता येईलच असं नाही, म्हणून मध्ये सामायिक फॉरमॅट लागतो. भरीव भागासाठी पहिली पसंती ‘स्टेप’ला द्यावी, आयएसओ 10303 हे त्याचं मानक. समोरचं सॉफ्टवेअर घेत असेल तर पॅरासॉलिडही उत्तम. ‘आयजेस’ 1980च्या सुमाराचं. त्यातून पृष्ठभाग येतात, पण अनेकदा कडा नीट जुळत नाहीत, फटी राहतात, आणि भरीव भाग पोकळ कवचासारखा उघडतो. ‘एसटीएल’ म्हणजे नुसते त्रिकोण. थ्रीडी प्रिंटिंगला ते पुरतं, पण त्यात गोल भोक बहुकोनी होतं आणि माप मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, याची खात्रीशीर नोंद नसते.

एककाची ही चूक सर्वांत घातक. मिलिमीटरमधला भाग इंच समजून उघडला, तर लांबी 25.4 पट होते आणि छेदाचं क्षेत्रफळ सुमारे 645 पट. भार तोच ठेवून ओढून पाहिलं, तर ताण 645 पट कमी दिसतो. स्क्रीनवर भाग सुरक्षित वाटतो. प्रत्यक्ष वापरात मात्र तोच तुटू शकतो. म्हणून फाइल उघडली की आधी एखादं ओळखीचं माप मोजायचं आणि वजन ताडून पाहायचं.

मग येते साफसफाई. बोल्टचे आटे, कोरलेलं नाव, बिनमहत्त्वाची बारीक भोकं तशीच ठेवली, तर गणितासाठी पाडायची जाळी विनाकारण दाट होते. पण आतल्या कोपऱ्यात जिथे ताण साठतो, तिथली गोलाई काढायची नाही. काय ठेवायचं आणि काय वगळायचं, हे बटण सांगत नाही. त्यासाठी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स समजलेलं लागतं, आणि कंपनी पगार देते तो या समजेचा.

याचं मोठं उदाहरण जुन्नर तालुक्यातच उभं आहे. खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरीव पत्र्याऐवजी स्टीलच्या तारांची जाळी ताणलेल्या दोरांवर बसवली. वारा बराचसा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. आज कुणी या तबकडीचं मॉडेल करताना जाळीची प्रत्येक तार काढत बसला, तर संगणक गुदमरेल. जाणकार अभियंता तारा वगळून त्यांच्यावर येणारा वाऱ्याचा भार तेवढा सांगाड्यावर देईल. राष्ट्रीय विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं, तेव्हा मुलांना घेऊन जा आणि तबकडीकडे या नजरेने पाहायला सांगा.

सुरुवातीला खर्च लागत नाही. फ्रीकॅड मोफत आहे, त्यात स्टेप फाइल बनते आणि ताणाचं प्राथमिक विश्लेषणही होतं. ॲन्सिसची विद्यार्थी आवृत्तीही मोफत मिळते. अवसरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी एखाद्या प्राध्यापकांना गाठून शंका विचाराव्यात.

आणि विषय गावातलाच घ्या. ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन ट्रॉली जोडायच्या हुकाची मापं घ्या, मॉडेल काढा, स्टेपमध्ये एक्स्पोर्ट करा, भार लावा आणि आलेला ताण वहीत हाताने केलेल्या गणिताशी जुळतो का पाहा. जुळला नाही तर का, हे दोन पानांत लिहा. मुलाखतीला जाताना ती पानं सोबत न्या. कोर्सची फी त्यानंतर भरा.