कुत्र्या-मांजरांस पिसाळ रोगाची लस

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेतवस्त्यांवर कुत्रा राखण करतो व मांजर धान्य उंदरांपासून वाचविते. परंतु यांपैकी एक जरी पिसाळले, तरी त्याच्या चाव्याने घरची मुले व गोठ्यातील बैलही दगावू शकतात. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर खात्रीचा उपाय नाही. म्हणून प्रतिबंध हाच खरा उपचार होय. पिलू ३ महिन्यांचे होताच पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून घ्यावी, महिन्याने पुन्हा व नंतर दरवर्षी टोचावी. माणसास चावा झाल्यास जखमेवर चुना वा मिरची लावू नये. साबण व वाहत्या पाण्याने ती १५ मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखाना गाठावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाळीव कुत्र्या-मांजरांची यादी करून लसीची तारीख नोंदवावी.