टाळांच्या गजरात कोणता माईक?

बारामती

चि. भाच्यास,

इंदापूरच्या भजनी मंडळाला स्टेजवर आणि घरच्या रेकॉर्डिंगला, दोन्हीकडे चालेल असा एकच छोटा कंडेन्सर माईक घ्यायचा म्हणतोस. जरूर घे. फक्त तो गाणाऱ्याच्या तोंडासमोर लावू नकोस. तिथं तुमचा जुना शुअर एसएम ५८ च राहू दे. १९६६ पासून तो स्टेजवर टिकून आहे, कारण ओठांजवळ धरला की आजूबाजूचा गलका फारसा आत घेत नाही. कंडेन्सर बारीकसारीक सगळं टिपतो. गाणाऱ्याच्या मागे टाळकरी उभे असताना कंडेन्सरचा आवाज चढवलास, तर आधी टाळ कानात घुसतील आणि मग स्पीकर शिट्टी मारेल.

नवा माईक पखवाजाला किंवा पेटीला लाव. पखवाजाच्या शाईकडच्या पुडीचा टणत्कार आणि कणीक लावलेल्या धुमेचा घुमारा, दोन्ही त्यात खरे उतरतात. अगदी कातड्याला चिकटवू नकोस. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी टिपणारा माईक जितका जवळ नेशील तितका खर्ज फुगतो आणि धुमेखेरीज काही ऐकू येत नाही. पेटीला समोरून लावलास तर भात्याची धापच जास्त येईल, म्हणून पट्ट्यांच्या वर वीतभर उंच धर.

दुकानदार चकचकीत आवाजाचा माईक पुढे करेल. खोक्यावरचा आलेख बघ: आठ-दहा हजार हर्ट्झला रेघ फार वर गेली असेल, तर तो आपल्या टाळांसाठी नाही. १९७८ साली आलेल्या शुअर एसएम ८१ ची रेघ बरीच सपाट आहे. खर्ज कापायचं बटण आणि आवाज १० डेसिबलने उतरवणारं पॅडही त्यावर आहे. ही दोन बटणं ज्यावर नाहीत, तो माईक स्वस्त मिळाला तरी सोडून दे.

दुसरी गोष्ट फॅन्टमची, म्हणजे मिक्सरकडून माईकला मिळणाऱ्या विजेची. कंडेन्सरला सहसा ४८ व्होल्ट लागतात. हा आकडा रूढ झाला तो १९६६ च्या नॉयमन केएम ८४ पासून. नॉर्वेच्या रेडिओकडे आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच या माईकला जोडली. गावच्या मांडवात मिळणाऱ्या मिक्सरला फॅन्टम असेलच असं धरून चालू नकोस, आधी विचारून घे. एकेजीच्या सी १००० एस सारखे माईक बॅटरीवरही चालतात, ही अडीनडीची मोठी सोय आहे. फॅन्टम चालू-बंद करताना चॅनल म्यूट कर, नाहीतर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

तुकोबारायांची पालखी निमगाव केतकीहून इंदापुरात येते तेव्हा वारा आणि भुरभुर दोन्ही असतात. फोमची टोपी घालूनच लाव. आत दमट हवा गेली की कंडेन्सर चरचरतो, म्हणून कार्यक्रम झाल्यावर पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

पैसे देण्याआधी पखवाज आणि दोन टाळकरी घेऊन बारामतीला ये. एका मित्राचा माईक मागून ठेवतो. टाळकऱ्यांना माईकच्या पाठीशी उभं करू आणि रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकू. टाळ मागे राहिले आणि धूम स्वच्छ आली, तर त्याच जातीचा घे.

तुझा
मामा