क्रियापदाआधी आणि क्रियापदानंतर : मराठी गद्यातील वाक्यरचनेचा शैलीविचार

पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत आणि पुष्कळदा प्रबंधांतही शैलीविषयक प्रकरणात एक विधान हमखास आढळते : लेखकाची वाक्ये छोटी व सुटसुटीत असल्यामुळे निवेदन परिणामकारक झाले आहे. वाक्याची लांबी मोजता येते, म्हणून ती आधी नजरेत भरते, इतकेच. दोन शब्दांचे वाक्यही निर्जीव असू शकते. परिणामाचा उगम शोधायचा तर वाक्यात कोणते पद कोठे बसले आहे, विशेषतः क्रियापदाच्या अलीकडे व पलीकडे काय आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. दादोबा पांडुरंगांपासून (१८३६) मो. के. दामल्यांपर्यंतच्या (१९११) व्याकरणपरंपरेचा मुख्य भर शब्दविचारावर राहिला. त्यामुळे या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने उशिरा गेले.

मराठी वाक्याचा स्वाभाविक क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असा आहे. तथापि विभक्तिप्रत्यय पदांचे परस्परसंबंध सांभाळत असल्याने हा क्रम बराच लवचिक राहतो. ‘सुमनने पत्र लिहिले’ आणि ‘पत्र सुमनने लिहिले’ या दोन वाक्यांतील घटना एकच आहे. पण पहिले वाक्य ‘सुमनने काय लिहिले?’ या प्रश्नाचे उत्तर आहे आणि दुसरे ‘पत्र कोणी लिहिले?’ या प्रश्नाचे. क्रियापदाच्या लगतपूर्व स्थानी जे पद येते त्यावर वाक्याचा भार पडतो. मराठीत ‘कोण’, ‘काय’, ‘कधी’ ही प्रश्नार्थक पदेही बहुधा याच जागी बसतात, हा योगायोग नव्हे.

क्रियापदानंतरच्या जागेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘आले का रे ते, पाहुणे?’ असे आपण बोलतो तेव्हा ‘पाहुणे’ हा शब्द उतरत्या स्वरात येतो. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेलीच गोष्ट केवळ स्पष्टतेसाठी मागून जोडलेली असते. बोलण्यात क्रियापदानंतरची जागा सामान्यतः हलकी असते. छापील पानावर मात्र स्वर नसतो आणि पूर्णविरामापूर्वीचे शेवटचे पद वाचकाच्या मनात रेंगाळते. ‘रात्री उशिरा वडील घरी आले’ या वाक्यात केवळ माहिती आहे. ‘वडील घरी आले, रात्री उशिरा’ असे लिहिताच उशीर हाच विषय होतो. त्यामागे काही घडले असावे, अशी शंका निर्माण होते. आणि ‘रात्री उशिरा घरी आले ते वडील’ असे म्हटले तर दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहिली जात होती, असे सूचित होते. म्हणजे जी रचना बोलीत भार कमी करते, तीच लेखनात भार वाढवू शकते. यांपैकी कोणता परिणाम साधेल, हे वाचक त्या गद्यात बोलणाऱ्याचा आवाज ऐकतो की नाही, यावर अवलंबून राहते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चे (१९६३) निवेदन या संदर्भात उद्बोधक आहे. तेथे पांडुरंग सांगवीकरचा आवाज आरंभापासूनच प्रस्थापित होतो. म्हणून मोडलेला क्रम नाट्यमय न वाटता सहज वाटतो. ‘वगैरे’सारखा शब्द तर वाक्याच्या अखेरीस येऊ पाहणारे गांभीर्यच सैल करून टाकतो. पुढच्या अनेकांनी ही लकब उचलली. आवाज मात्र उचलता आला नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी क्रियापद आधी आणून नाम मागे ठेवण्याची जी रीत ललित लेखनात बोकाळली आहे, तिचा परिणाम तिसऱ्या खेपेलाच ओसरतो.

लांब वाक्यावरील आक्षेपही असाच तपासून पाहिला पाहिजे. ‘तो उठला. त्याने दिवा लावला. दार उघडले. अंगणात पाहिले. कोणी नव्हते.’ येथे पाचही वाक्ये सारख्याच वजनाची आहेत. आता ‘उठून, दिवा लावून, दार उघडून त्याने अंगणात पाहिले, कोणी नव्हते’ असे वाचून पाहावे. ‘ऊन’प्रत्ययान्त रूपे स्वतः थांबत नाहीत, ती वाचकाला पुढच्या क्रियापदाकडे लोटतात आणि सगळा वेग पाहण्याच्या क्रियेवर येऊन आदळतो. त्यानंतरचे ‘कोणी नव्हते’ रिकामे भासते ते यामुळेच. बखरकारांनी स्वाऱ्या, कूच आणि लढाया सांगताना ही साखळी मुक्तपणे वापरली आहे. याउलट ‘लीळाचरित्रा’त छोटी वाक्ये ‘मग’सारख्या दुव्याने एकापुढे एक ठेवलेली दिसतात, कारण तेथे प्रत्येक कृती आठवून जपण्याजोगी आहे. दोन्ही रचना अस्सल मराठी आहेत. लांबीवरून त्यांतील एकीला श्रेष्ठ ठरवणे व्यर्थ होय.

‘निबंधमाले’पासून (१८७४) इंग्रजी वळणाचा प्रौढ वाक्यबंध मराठीत स्थिरावला, हे सर्वज्ञात आहे. त्यातील एका बाबीकडे मात्र आजही दुर्लक्ष होते. ‘जो अडचणीत उभा राहतो तो मित्र’ या रचनेत ‘जो’ म्हणताच वाचकाच्या मनात एक अपेक्षा बांधली जाते आणि ‘तो’ येताच ती फिटते. ‘तो मित्र, जो अडचणीत उभा राहतो’ या भाषांतरित वळणात नाम आधीच हाती लागते. ताण निर्माण होण्यापूर्वीच विरतो.

वर्गात यासाठी एक साधा प्रयोग करता येतो. नेमलेल्या उताऱ्यातील एक वाक्य घ्यावे, त्यातील पदे दोन-तीन प्रकारे हलवावीत आणि प्रत्येक मांडणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर ठरते, ते विद्यार्थ्यांना लिहावयास सांगावे. मग तो प्रश्न उताऱ्यात त्या ठिकाणी खरोखरच उपस्थित झाला होता काय, हे पाहावे. झाला नसेल, तर ती मांडणी केवळ हौसेची आहे, मग ती कितीही नामवंत लेखकाची असो.