जळलेला पट आणि हरवलेली फाइल

वाचन : यिर्मया, अध्याय ३६, २ राजे, अध्याय २२



या तिमाहीच्या अभ्यासासाठी यिर्मयाचा छत्तिसावा अध्याय घेतला आहे. उपदेशात तो फारसा येत नाही. आलाच तर यहोयाकीम राजाच्या उद्धटपणावर चार शब्द बोलून आपण पुढे जातो. मला तो या वेळी लेखनिकाच्या बाजूने वाचायचा आहे, म्हणजे बारूखाच्या.

यहोयाकीमाच्या चौथ्या वर्षी यिर्मया तोंडाने सांगत गेला आणि बारूख शाईने पटावर उतरवत गेला. यिर्मयाला मंदिरात जाता येत नव्हते, म्हणून पुढच्या वर्षी उपासाच्या दिवशी बारूखानेच तो पट लोकांपुढे वाचला. सरदारांनी त्याला बोलावून पुन्हा वाचायला लावले. ते घाबरले. पट त्यांनी अलीशामा चिटणिसाच्या खोलीत ठेवला आणि बारूखाला सांगितले, तू आणि यिर्मया जाऊन लपा. नववा महिना होता, थंडीचे दिवस. राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसला होता. तीनचार रकाने वाचून होताच तो लेखनिकाच्या चाकूने तेवढा भाग कापी आणि शेगडीत टाकी. तिघांनी विनवले, तरी संपूर्ण पट जळून गेला.

इथे एक गोष्ट पाहा. पट चिटणिसाच्या खोलीत ठेवला होता, म्हणजे तेव्हाच्या मानाने सगळ्यात सुरक्षित जागी. पण प्रत एकच होती. सुरक्षित जागा आणि दुसरी प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नंतर परमेश्वराने दुसरा पट घ्यायला सांगितले. यिर्मयाने पुन्हा सांगितले, बारूखाने पुन्हा लिहिले, आणि त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली, असे शेवटचे वचन सांगते. हे होऊ शकले कारण सांगणारा जिवंत होता आणि लिहिणाराही. सरदारांनी त्यांना लपायला सांगितले नसते, तर कदाचित दोघेही हाती लागले असते.

आता २ राजे २२ पाहा. यहोयाकीमाचा बाप योशीया. त्याच्या अठराव्या वर्षी मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणिसाने तो राजापुढे वाचला आणि योशीयाने आपली वस्त्रे फाडली. बापाने वस्त्रे फाडली, मुलाने पट फाडला. यिर्मयाच्या पुस्तकात राजाला विनवणाऱ्या तिघांपैकी एक गमऱ्या, आणि तो शाफान चिटणिसाचाच मुलगा म्हणून सांगितला आहे. घरात कागदपत्रांचा मान राखण्याची सवय असली की ती पुढे जाते, असे मला तरी यावरून वाटते.

म्हणजे पवित्र शास्त्रात हरवण्याचे दोन प्रकार दिसतात. एक जळून गेलेले, जे पुन्हा लिहावेच लागते. दुसरे घरातच असलेले, पण कोणी न शोधलेले. संगणकाच्या बाबतीत हेच दोन प्रकार आहेत, आणि माझ्या पाहण्यात दुसरा प्रकार कितीतरी जास्त येतो.

मिशनच्या इतिहासातही याचा एक मोठा दाखला आहे. ११ मार्च १८१२ रोजी बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. विल्यम कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. याच छापखान्यातून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने तयार झालेले कॅरींचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये बाहेर पडला होता, म्हणून ही आग आपल्या भाषेच्याही घरची. कागद, अनेक भाषांचे टाइप, भाषांतरांची हस्तलिखिते आणि कॅरींच्या बहुभाषी कोशाचे काम जळाले. पण यंत्रे वाचली, आणि ज्यांवरून टाइप ओततात ते ठसे व साचे राखेत शाबूत सापडले. वितळलेले शिसे गोळा करून थोड्याच आठवड्यांत पुन्हा टाइप पाडायला सुरुवात झाली. दुसऱ्यांदा तीच वाट चालणे सोपे जाते, अशा आशयाचे कॅरींनी त्या वेळी लिहिले होते. टाइपाच्या बाबतीत ते लवकर खरे ठरले, कारण साचे उरले होते. हस्तलिखिताला साचा नसतो.

आता आपल्या कामाकडे येतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्यांतून आपण वनहक्काच्या दाव्यांना मदत करतो, हे आपणांस ठाऊक आहे. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे दाखवावे लागते. पुष्कळ कुटुंबांकडे पावती नाही, नकाशा नाही. पण नियमांत वडीलधाऱ्या माणसांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून धरले आहे. दावेदार सोडून दुसऱ्या वृद्धाने सांगितलेले आणि कोणीतरी लिहून घेतलेले. म्हणजे बारूखाचेच काम. वाडीतील शिकलेली मुले ते करतात.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीत समाजमंदिरात बसून अशी एकोणीस निवेदने लॅपटॉपवर उतरवून घेतली. टाइप करणारी ताई त्याच वाडीतली, कॉलेजात शिकणारी. लॅपटॉप कोणीतरी देणगी दिलेला, बॅटरी नावापुरती. दुपारी चार वाजता वीज गेली आणि पडदा काळा झाला. फाइलला अजून नावही दिलेले नव्हते. "दादा, सगळं गेलं का हो?" एवढेच ती म्हणाली. बाहेर पाऊस, आणि निवेदन देणारी म्हातारी माणसे चिखल तुडवत घरी गेलेली.

सगळे गेले नव्हते. वीज आल्यावर लेखनाचा प्रोग्राम उघडला, तेव्हा त्यानेच विचारले की अर्धवट राहिलेला दस्तऐवज परत हवा का. सोळा निवेदने जशीच्या तशी मिळाली. शेवटची तीन संध्याकाळी कंदील लावून पुन्हा घेतली, आणि त्यांतल्या एका आजोबांना दुसऱ्या वेळी जुन्या विहिरीची आणि स्मशानाच्या जागेची आठवण झाली, जी पहिल्यात नव्हती. विहीर आणि दफनभूमी यांच्या खुणासुद्धा पुराव्यात धरतात. मिळालेल्या सोळांत एका आजींचे निवेदन होते. त्या दिवाळीआधी वारल्या. ते गेले असते तर पुन्हा सांगणारे कोणी उरले नव्हते.

आता हे कसे मिळते ते सांगतो, कारण आपल्या मंडळ्यांतून अहवाल, वर्गणीचे हिशोब, संडे स्कूलचे धडे असेच जातात आणि लोक हळहळून पुन्हा टाइप करायला बसतात.

वर्ड किंवा लिब्रेऑफिस हे प्रोग्राम काम चालू असताना ठरावीक वेळाने, बहुधा दर दहा मिनिटांनी, स्वतःची एक गुप्त प्रत ठेवतात. संगणक अचानक बंद पडला तर पुढच्या वेळी प्रोग्राम उघडताच ती प्रत पुढे येते. तिला घाईने 'नको' म्हणू नका. आधी उघडा, लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करा, मग वाचा. शेवटची काही मिनिटे तिच्यात नसतील. ही दहा मिनिटे पाच किंवा दोनवर आणता येतात. वाडीत काम करणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपवर आम्ही ती दोनवर आणली आहेत.

कोणी चुकून 'सेव्ह करू नका' असे सांगून फाइल बंद केली असेल, तर वर्डमध्ये फाइल, मग इन्फो, मग मॅनेज डॉक्युमेंट, आणि तेथे रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स हा पर्याय आहे. हे आज करा, पुढच्या आठवड्यात नको. तशा फाइली चारेक दिवसांनी आपोआप पुसल्या जातात.

ईमेलमधून आलेली फाइल तेथेच उघडून तिच्यात तासभर काम करणारे पुष्कळ आहेत. असे काम संगणकाच्या तात्पुरत्या फोल्डरात पडते आणि नंतर सापडत नाही. वर्डच्या अलीकडच्या फाइलींच्या यादीत ती दिसते का पाहा, पुष्कळदा दिसते.

फाइल पुसली गेली असेल तर प्रथम रीसायकल बिन. गूगल ड्राइव्हवरची असेल तर तिथला कचरा तीस दिवस राहतो, आणि फाइल पुसली नसून कोणी मजकूर बदलला असेल तर तिथे जुनी आवृत्तीही परत घेता येते. पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल मात्र बहुधा रीसायकल बिनमध्ये जात नाही. तरीही ती लगेच नाहीशी होत नाही. 'उपासना संगीता'च्या अनुक्रमणिकेतली एक ओळ खोडली म्हणून ते गीत पुस्तकातून जात नाही. कोणी त्या पानावर दुसरा कागद चिकटवला, तर जाते. म्हणून पुसले गेल्याचे लक्षात येताच त्या पेन ड्राइव्हवर काहीही नवे टाकू नका. ती काढून ठेवा. रिकुव्हा किंवा फोटोरेक यांसारखे प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर घालून तिच्यातून फाइली शोधता येतात. सापडलेल्या फाइलीही दुसरीकडेच साठवाव्यात. हल्लीच्या नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते, ती रिकामी झालेली जागा स्वतःच साफ करते, त्यामुळे तिथे हा उपाय बहुधा चालत नाही. जुनी हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली तर संगणक ताबडतोब बंद करा, पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

दुकानात दुरुस्तीला देण्याआधी थांबा. आपल्या फाइलींत लोकांचे आधार क्रमांक, जातीचे दाखले, सातबारा असतात. गरिबाचे कागद दुसऱ्याच्या हाती देताना आपण पोस्टातल्या पत्राइतकी तरी काळजी घ्यावी. ओळखीचा माणूस, समोर बसून केलेले काम, एवढे पुरे.

एक प्रकार तर हरवलेलाच नसतो. जुन्या फाइली उघडल्या की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, आणि लोक म्हणतात फाइल बिघडली. ती बिघडलेली नसते. श्री-लिपी, आकृती, किंवा पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम अशा जुन्या पद्धतींत ती टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट नव्या संगणकावर नसतो. फॉन्ट घातला की अक्षरे परत येतात, आणि मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की पुढे कोणत्याही फोनवर वाचता येतो. एका जुन्या सीडीवरून आम्ही अशीच वीस वर्षांपूर्वीची वसतिगृहाची यादी वाचली. हिल्कीयाला ग्रंथ सापडला तसेच. तो मंदिरातच होता.

वाडीतल्या कामासाठी आता आमची रीत अशी. फाइल उघडली की एक ओळ टाइप करून तिला आधी नाव द्यायचे. माणूस बोलत असताना, त्याची परवानगी घेऊन, फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करायचा. श्रीरामपूरच्या साच्यांसारखा तो उपयोगी पडतो. संध्याकाळी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि रेंज मिळाली की एक ड्राइव्हवर. आणि त्याच आठवड्यात कागदावर छापून अंगठा किंवा सही. दावा वनहक्क समितीकडे दिला की लेखी पोच घ्यायची आणि पोचेचाही फोटो काढायचा. कायदा पोच द्यायला सांगतो, तरी मागावी लागते.

जातवैधतेच्या कामात तर जुना कागद म्हणजे सर्वस्व. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीची नोंद विचारली जाते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली आजोबांच्या नावाची एक ओळ नातवाच्या शिक्षणाला पुरते, आणि त्या रजिस्टरची बहुधा एकच प्रत असते, कपाटात, वाळवीच्या शेजारी.

गटात चर्चा करताना आपल्याच मंडळीचा बाप्तिस्म्याचा आणि विवाहाचा रजिस्टर कुठे आहे, त्याची दुसरी प्रत आहे का, हे विचारा. नसेल तर एखाद्या शनिवारी तरुण संघाने बसून तो फोनवर टिपून घ्यावा. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, पान सपाट धरून, पानाचा क्रमांक फोटोत येईल असा. कव्हरही टिपा, कारण पुढे कोणाला ते कोणत्या वर्षांचे पुस्तक आहे हे तिथूनच कळेल. मोडी अक्षरातली पाने असतील तर तीही सोडू नका, वाचता आली नाहीत तरी.