अक्षरमालेसाठीं वाढती जागा
(सी भाषेंतील एक पाठ)

संगणकाला काम सांगण्याच्या ज्या अनेक भाषा आज प्रचारांत आहेत, त्यांत 'सी' ही वडील भाषांपैकीं एक होय. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीज या संस्थेंत डेनिस रिची यांनीं ती १९७२ च्या सुमारास सिद्ध केली, आणि ब्रायन कर्निघन व रिची या उभयतांनीं लिहिलेल्या १९७८ सालच्या ग्रंथामुळें तिचा प्रसार फार झाला. ही भाषा शीघ्रगति व अल्पाक्षरी आहे; परंतु ती आपल्या वतीनें जागेचा हिशेब ठेवीत नाहीं. जो लिहितो त्यानेंच तो ठेवावा, असा तिचा दंडक आहे. हा दंडक नीट समजावा म्हणून या लेखांत आम्हीं एकच प्रश्न घेतला आहे: ज्या मजकुराची लांबी अगोदर ठाऊक नाहीं, तो सी भाषेंत कसा साठवावा?

अक्षरमाला कशी राहते

संगणकाची स्मृति, जिला मेमरी म्हणतात, ती एका लांबच लांब चाळीसारखी आहे असें समजा. प्रत्येक खोलीला क्रमांक आहे व प्रत्येक खोलींत एकच बाइट मावतो. अक्षरमाला, म्हणजे स्ट्रिंग, लागोपाठच्या खोल्यांत राहते. आणि ती कोठें संपली हें कळावें म्हणून शेवटल्या अक्षराच्या पुढील खोलींत शून्य किंमतीचा एक बाइट ठेवतात. त्यास आपण अंत्यशून्य म्हणूं. लांबी निराळी कोठेंहि लिहिलेली नसते. ती हवी असल्यास पहिल्या खोलीपासून अंत्यशून्यापर्यंत चालत जाऊन मोजावी लागते.

येथें मराठी लिहिणाऱ्यानें विशेष सावध असावें. 'पुणे' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. पण यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतींत प, उकार, ण व एकार हीं चार चिन्हें निराळीं धरली जातात, आणि प्रत्येक देवनागरी चिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे १२ बाइट झाले, आणि अंत्यशून्याचा एक मिळवून १३. दहा खोल्या घेऊन त्यांत 'पुणे' बसवूं पाहणारा विद्यार्थी नकळत शेजाऱ्याच्या तीन खोल्यांत शिरतो.

शेजाऱ्याच्या घरांत शिरल्यास काय होतें

सी भाषा त्याला अडवीत नाहीं, हीच खरी अडचण आहे. शेजारच्या खोल्यांत दुसरा मजकूर असेल, एखादी संख्या असेल, किंवा कार्यक्रमानें पुढें कोठें जावें याचा पत्ता असेल. तो पत्ता पुसून त्या जागीं कोणी आपल्या सोयीचा पत्ता लिहिला, तर यंत्र मुकाट्यानें त्याच्या आज्ञेंत वागूं लागतें.

ही भीति काल्पनिक नव्हे. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एका अमेरिकन विद्यार्थ्यानें सोडलेला 'मॉरिस वर्म' नांवाचा कार्यक्रम इंटरनेटवरील यंत्रांत शिरला व ठिकठिकाणचें काम त्यानें बंद पाडलें. त्याच्या प्रवेशाच्या वाटांपैकीं एक अशी होती: 'फिंगर' ही सेवा चालविणाऱ्या कार्यक्रमानें येणाऱ्या मजकुरासाठीं ५१२ बाइट राखून ठेवले होते, आणि तो मजकूर 'गेट्स' या फलनानें वाचला जाई. जागा किती आहे हें गेट्सला सांगण्याची सोयच नव्हती. वर्मनें ५३६ बाइट पाठविले; वरचे २४ बाइट शेजाऱ्याच्या घरांत गेले, आणि घर परक्याचें झालें. पुढें २०११ सालच्या प्रमाणग्रंथांतून गेट्स हें फलन काढून टाकण्यांत आलें.

तीन नोंदींची वही

यावर उपाय म्हणून वाढती जागा करावी. तिला वाढता बफर म्हणतात. तिच्यासाठीं तीन गोष्टी एकत्र, एकाच स्ट्रक्टमध्यें, लिहून ठेवाव्या: खोल्यांचा आरंभ कोठें आहे तो पत्ता, एकंदर किती खोल्या घेतल्या आहेत ती क्षमता, आणि त्यांपैकीं किती भरल्या आहेत ती लांबी. लांबी वहींत असली म्हणजे प्रत्येक वेळीं पहिल्या खोलीपासून चालत जावें लागत नाहीं. 'स्ट्रकॅट' हें फलन वारंवार वापरणाऱ्याला ही पायपीट दर खेपेस करावी लागते; मजकूर वाढत जातो तशी ती लांबत जाते.

नियम असा कीं, लिहिण्यापूर्वीं विचारावें. जुनी लांबी, नव्या मजकुराची लांबी व अंत्यशून्याचा एक, यांची बेरीज क्षमतेहून अधिक नसेल तरच लिहावें. बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य अगोदर बसून खर्चाचा हिशेब करतो, हा दृष्टांत आपण शुभवर्तमानांत वाचला आहे. येथें तो अक्षरशः लागू पडतो.

उदाहरण पाहा. क्षमता १६ असून 'पुणे' लिहिलेलें आहे, लांबी १२. पुढें एक मोकळी जागा सोडून 'शहर' जोडावयाचें आहे. मोकळ्या जागेचा १ व तीन अक्षरांचे ९ मिळून १० बाइट. १२, १० व १ मिळून २३ होतात. १६ पुरत नाहींत. म्हणून क्षमता ३२ करावी, मग मजकूर लिहावा, लांबी २२ करावी, आणि त्यापुढील खोलींत अंत्यशून्य ठेवावें.

दुप्पट कां करावी

सोळांवरून नेमक्या तेवीसावर कां जाऊं नये, असें कोणी विचारील. जागा वाढविण्याचें काम 'रीॲलॉक' हें फलन करतें. लगतच्या खोल्या मोकळ्या असल्या तर तें त्याच देऊं शकतें. नसल्या तर दुसरीकडे जागा पाहून सर्व बिऱ्हाड तिकडे हलवितें. प्रत्येक हलविण्यास श्रम आहेत.

समजा, १,०२४ बाइट एकेक करून येत आहेत, आणि दर वेळीं बिऱ्हाड हलवावें लागतें. एकेक खोली वाढवीत गेल्यास एकंदर ५,२३,७७६ बाइट उचलून ठेवावे लागतील. तेंच एका खोलीपासून आरंभ करून दर खेपेस दुप्पट केली, तर १, २, ४ असें ५१२ पर्यंत मिळून अवघे १,०२३ बाइट उचलावे लागतात. कांहीं खोल्या रिकाम्या राहतात हें खरें. पण त्या थोड्या भाड्यांत श्रम पांचशें पटींनीं वांचतात.

मात्र दुप्पट करतांनाहि डोळे उघडे ठेवावे. ३२ बिटांच्या चिन्हरहित संख्येंत २,१४,७४,८३,६४८ ची दुप्पट केली तर उत्तर शून्य येतें! म्हणून गुणण्यापूर्वीं मर्यादा तपासावी.

बिऱ्हाड हलवितांना पाळावयाचे नियम

पहिला: जागा शिल्लक नसल्यास रीॲलॉक रिकामा पत्ता परत देतें, आणि जुनी जागा जशीच्या तशी राहते. तो रिकामा पत्ता थेट वहींतील जुन्या पत्त्यावर लिहिला, तर सामान आहे पण तें कोठें आहे हें कोणासच ठाऊक नाहीं, अशी गत होते. म्हणून नवा पत्ता निराळ्या चलांत घ्यावा, तपासावा, आणि मगच वहींत उतरावा.

दुसरा: बिऱ्हाड हलल्यावर जुने पत्ते रद्द समजावे. बफरच्या मध्यावरील एखाद्या अक्षराचा पत्ता दुसरीकडे टिपून ठेवला असेल, तर तो आतां परक्याच्या घराचा असूं शकेल. पत्त्याऐवजीं आरंभापासूनचें अंतर टिपावें. तें बदलत नाहीं.

तिसरा: जागा वाढविणारें फलन एकच असावें. दहा ठिकाणीं दहा प्रकारें वाढ केली, तर एके ठिकाणीं तरी अंत्यशून्याचा एक विसरला जातो.

चौथा: काम संपल्यावर 'फ्री' या फलनानें जागा परत करावी, आणि ती एकदांच करावी. त्यानंतर वहींतील पत्ता रिकामा करावा व दोन्ही अंक शून्य करावे, म्हणजे दुसऱ्यांदा परत करण्याचा प्रमाद घडणार नाहीं. तोच बफर पुन्हां वापरावयाचा असेल तर जागा परत न करतां केवळ लांबी शून्य करून पहिल्या खोलींत अंत्यशून्य ठेवणें पुरतें.

अभ्यास

१. 'नाशिक' या शब्दास अंत्यशून्यासह किती बाइट लागतात?
२. क्षमता १६ पासून दुप्पट करीत गेल्यास १,००० बाइटांची अक्षरमाला मावण्यास किती वेळां दुप्पट करावी लागेल?
३. रीॲलॉकनें दिलेला पत्ता प्रथम निराळ्या चलांत कां घ्यावा?

पहिल्याचें उत्तर १६ व दुसऱ्याचें ६ आहे. तिसऱ्याचें उत्तर पाठांत आलें आहे. पण तें विद्यार्थ्यांनीं पुस्तक मिटून, घरांतील वडील मंडळींस स्वतःच्या शब्दांत समजावून सांगावें. ज्याला तें सांगतां येईल, त्याला हा पाठ आला असें आम्हीं समजूं.