पेडणे व डिचोली तालुक्यांतील रोजगार : आकड्यांचा अर्थ आणि वस्तुस्थिती

गोमंतकाच्या उत्तर सीमेवर पेडणे तालुका आणि त्याच्या आग्नेयेस डिचोली तालुका. दोन्ही नव्या काबिजादींतले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगीज अमलाखाली गेले आणि १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाले. २०११ च्या जनगणनेनुसार पेडण्याची लोकसंख्या सुमारे ७५ हजार, तर डिचोलीची सुमारे ९८ हजार होती. आकाराने हे तालुके लहान असले तरी बेकारीच्या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्यास त्यांच्याइतके बोधप्रद क्षेत्र क्वचितच आढळेल. एका तालुक्याने भरभराटीस आलेला उद्योग एका दिवसात बंद पडलेला पाहिला. दुसऱ्याने माळरानावर आंतरराष्ट्रीय विमानतळ उभा राहिलेला पाहिला. आणि तरीही दोहींकडील सुशिक्षित तरुणाची तक्रार जवळजवळ एकच आहे.

बेकार कोणास म्हणावे ?

ग्रामसभेत, वृत्तपत्रांत आणि विधानसभेत बेकारीचे जे आकडे सांगितले जातात ते एकाच मापाने मोजलेले नसतात. रोजगार विनिमय केंद्रातील नोंदवहीत ज्यांची नावे आहेत ते सर्व बेकार नव्हेत. खाजगी नोकरी करणारे अनेकजण सरकारी जागेच्या आशेने आपले नाव तेथे कायम ठेवतात. उलटपक्षी, काम शोधणाऱ्या कित्येकांनी तेथे कधी नाव नोंदविलेलेच नसते.

दुसरे माप केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे. २०१७ पासून हे सर्वेक्षण सातत्याने होत आहे. त्यानुसार १५ वर्षांवरील व्यक्तींत गोव्यातील बेकारीचे प्रमाण २०२२-२३ मध्ये ९.७ टक्के आणि २०२३-२४ मध्ये ८.५ टक्के होते. संपूर्ण देशाचे प्रमाण दोन्ही वर्षी ३.२ टक्के होते. ही टक्केवारी एकूण लोकसंख्येची नव्हे, तर श्रमबलाची आहे. उदाहरणार्थ, एखाद्या गावात काम करणारे आणि काम मागणारे मिळून ५०० लोक असले व त्यांपैकी ४० जणांना काम नसले, तर प्रमाण ८ टक्के होते. शिकणारी मुले, वृद्ध आणि 'काम नको' असे सांगणाऱ्या गृहिणी या हिशेबात येतच नाहीत. तालुक्याचा स्वतंत्र आकडाही या सर्वेक्षणातून निघत नाही. तेव्हा पेडण्याची वा डिचोलीची अमुक टक्के बेकारी असे कोणी छातीठोकपणे सांगू लागल्यास तो आकडा कोठून आला हे विचारणे योग्य ठरते.

मोजणीची आणखी एक खुबी ध्यानी घेण्याजोगी आहे. मोरजी, मांद्रे वा हरमलच्या किनाऱ्यावरील शॅकमध्ये काम करणाऱ्या तरुणाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. पावसाळ्यापूर्वी शॅक मोडावे लागतात आणि त्याचे कामही संपते. ३६५ दिवसांचा विचार करणाऱ्या 'नेहमीच्या स्थिती'च्या मापाने हा तरुण कामावर असलेला गणला जातो. तोच तरुण जुलै महिन्यात काम शोधत असता सात दिवसांच्या मापाने मोजला, तर बेकार ठरतो. त्याच आठवड्यात त्याने घरच्या शेतात तासभर तरवा लावला असेल, तर पुन्हा तो कामकऱ्यांत जमा ! मोजणारा चुकत नाही. पण आकडा वाचणाऱ्याने माप विचारून घ्यावयास हवे.

गोव्याचा आकडा देशाच्या दुपटीहून अधिक का, असा प्रश्न शिक्षकांकडून नेहमी विचारला जातो. याचे एक कारण शिक्षणात आहे. मुक्तीनंतर, विशेषतः दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. २०११ पर्यंत राज्यातील साक्षरता ८८.७० टक्क्यांवर गेली. शिकलेला मुलगा मिळेल ते काम पत्करीत नाही, मनासारख्या कामाची वाट पाहतो, आणि घरची स्थिती बरी असल्यास त्याला वाट पाहता येते. दरिद्री प्रदेशात बेकार राहणेही परवडत नाही. केरळाचे प्रमाण असेच वर असते, त्याच्या मुळाशीही पुष्कळ अंशी हीच गोष्ट आहे.

डिचोली : खाणीवर उभा राहिलेला बाजार

दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचे लोहखनिज जपानला जाऊ लागले. शिरगाव, मये, पाळी, वेळगे, सुर्ल या गावांचे जीवन त्यानंतर बदलत गेले. खनिज ट्रकांतून आमोणे, सारमानस येथील धक्क्यांवर जाई, तेथून बार्जमधून मांडवीमार्गे मुरगावला पोहोचे. खाणीतील कामगारांची संख्या तशी मर्यादितच होती. पण ट्रकचालक, क्लीनर, गॅरेजवाले, टायरवाले, बार्जवरील खलाशी, खानावळी आणि किराणा दुकाने या सर्वांची चूल त्या एका मालावर पेटत असे. चीनची मागणी वाढली तशी निर्यातही वाढली. २०१०-११ मध्ये ती ५ कोटी टनांच्या वर गेली, आणि कर्ज काढून ट्रक घेणाऱ्यांची रीघ लागली. शाळा-महाविद्यालय अर्धवट सोडून मुले स्टिअरिंगवर बसली. त्या काळी यात कोणास काही वावगे वाटले नाही.

न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले. पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही मनाई हुकूम आला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची मर्यादा घातली. काम पुन्हा सुरू झाले, परंतु ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरले व १६ मार्चपासून उत्खनन थांबले. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव झाले, त्यांत डिचोली आणि शिरगाव-मये येथील खाणपट्टे होते. २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले.

या बारा वर्षांत बेकारी वाढली, हे तर उघडच आहे. परंतु कंपनीच्या पगारपत्रकावर नाव राहिलेला, पण घरी बसलेला कामगार सर्वेक्षणात बेकार दिसत नाही. अंगणात ट्रक उभा असून फेरीची वाट पाहणारा मालकही सर्वस्वी बेकार ठरतोच असे नाही. त्याच्या डोक्यावरील बँकेचा हप्ता कोणत्याच रकान्यात बसत नाही. शासनाने अर्थसाहाय्याच्या व कर्जसवलतीच्या योजना आखल्या, त्यांनी काही भार हलका केला. दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. शिरगावच्या शेतात खाणीची माती उतरली, खड्डे खोल गेले तसे विहिरींचे पाणी आटले; खाण बंद पडल्यावर परतून जावे असे शेत ज्यांच्यापाशी उरले नव्हते, त्यांचा प्रश्न ट्रकमालकांच्या प्रश्नाहून बिकट होता.

पेडणे : विमानतळ आणि अपेक्षा

मोपाच्या पठारावरील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले व ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे, उगवे या परिसरातील जमीन गेली, तेव्हा घरटी एक नोकरी मिळेल अशी समजूत सर्वत्र पसरली होती. विमानतळावरील रोजगाराची घडण पाहिल्यास ही समजूत का फळास आली नाही ते कळते. सुरक्षा दलातील शिपाई देशव्यापी परीक्षेतून येतो; हवाई वाहतूक नियंत्रक आणि सीमाशुल्क अधिकारी हेही केंद्रीय सेवेतले. चालक कंपनीची स्वतःची माणसे थोडी. उरते ते सामान हाताळणी, मालवाहतूक, स्वच्छता, उपाहारगृहे, दुकाने व वाहनतळ, आणि ही कामे बहुतांशी वेगवेगळ्या कंत्राटदारांकडे असतात. अर्ज एका दारी देऊन भागत नाही. पाळी रात्रीची असली आणि गावाकडे जाणारी बस संध्याकाळीच सुटून गेलेली असली, तर पात्र असलेली मुलगीही घरीच राहते. टॅक्सीव्यवसायाबाबत स्थानिकांना आंदोलन करावे लागले, हेही सर्वांच्या स्मरणात आहे.

पलीकडे पत्रादेवीची सीमा आहे. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग येथून शेकडो तरुण रोज दुचाकीवरून गोव्यात कामाला येतात, तर पेडण्याचा तरुण म्हापसा-पणजीकडे जातो. श्रमाचा बाजार तालुक्याची हद्द मानीत नाही.

शेतीचा उल्लेख केवळ उपचारापुरता करणे बरे नव्हे. हरमलच्या मिरचीस भौगोलिक मानांकन लाभले आहे. तिळारीचे पाणी दोन्ही तालुक्यांत आले आहे. मात्र रोजंदारी वाढली आणि मनुष्यबळ मिळेना, म्हणून पडीक राहिलेली शेतेही येथेच पाहावयास मिळतात. बेकारी आणि मजुरांची टंचाई एकाच गावात नांदताना दिसतात.

सरकारी नोकरीची वाट

रोजगार विनिमय केंद्रातील नोंदणी म्हणजे नोकरीचे वचन, असा समज अजून पुसला गेलेला नाही. १९५९ साली संसदेने केलेल्या कायद्याने २५ वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले होते. त्या जागा केंद्राने पाठविलेल्या उमेदवारांतूनच भराव्यात असे बंधन मात्र कधीच नव्हते. राज्य सेवेतील कनिष्ठ पदांच्या भरतीसाठी २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोगाची तरतूद झाली व भरतीचा मार्ग स्पर्धा परीक्षेतून जाऊ लागला.

पेडणे व डिचोली या दोन्ही ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. पालक त्यांकडे नापास मुलांची सोय म्हणून पाहतात, हे दुर्दैव. तेथून बाहेर पडणाऱ्या वीजतंत्र्यास वा फिटरला काम शोधण्यास पदवीधराइतके दिवस सहसा लागत नाहीत. पदवीधरांनाही एक वाट आहे, ती फारशी परिचित नाही. शिकाऊ उमेदवारांसंबंधीच्या १९६१ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यापासून कला व वाणिज्य शाखांच्या पदवीधरांनाही विद्यावेतनावर शिकाऊ उमेदवार म्हणून घेता येते. ३० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेस एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने असोत वा मोपा येथील कंत्राटदार, कामगारसंख्या या मर्यादेस पोहोचली की त्यांनाही हा नियम लागू होतो.